दाभोली नाक्यावरचं जर्मनी

माझं दुकान घड्याळांचं. पण वेंगुर्ल्यात
ज्याच्याकडे बारीक पेचकस, त्याच्या दारात सगळे रोगी:
श्रवणयंत्रं, शिलाई मशीनच्या बॉबिना,
एकदा तर पाद्रीबाबांची कवळी.
आणि ते दोन कॅमेरे.

बस्त्याव लोबोचा लायका, वेट्झलारचा,
बोटीवरच्या मामाने आणलेला.
झिलू खोबरेकराचा कॉन्टॅक्स, ड्रेस्डेनचा,
कुणा साहेबाच्या लिलावात घेतलेला,
दोन दुभत्या म्हशींच्या किमतीला, म्हणे.
अल्याड एक स्टुडिओ, पल्याड दुसरा.
मध्ये गटार, आणि तीस वर्षं.

"तुझ्या कॅमेऱ्याचो पडदो फडक्याचो!" झिलू ओरडायचा,
"माझो पितळेचो!"
बस्त्याव सावकाश बटण दाबायचा.
"आयकलंस? नाय मा? ताच तर."

इगर्जीतली लग्नं एकाकडे,
नव्या होड्यांच्या पूजा दुसऱ्याकडे.
मयताचा फोटो काढायला जो आधी पोचेल तो.

मला जर्मन येत नाही.
पण ग्रंथालयाच्या रद्दीत एक कॅटलॉग मिळालं होतं,
इंग्रजी, कसर लागलेलं. त्यावरून कळलं,
तिकडेही असंच.
एकाने पेटंट घेतलं, की दुसरा वळसा घालून
शंभर स्क्रू वाढवणार.
मग लढाई. ड्रेस्डेन जळलं.
साचे, यंत्रं आगगाडीत भरून रशियन कीव्हला घेऊन गेले.
मागे उरलं नाव. ते एक, घरं दोन,
मधून सरहद्द, आणि वर्षानुवर्षं कोर्टात:
खरा झाइस कोण?
मी कॅटलॉग मिटलं. आमच्या आळीत
एका हापूसच्या कलमावरून तीन पिढ्या बोलत नाहीत,
मला कुणी नवीन काय सांगायचं.

खाऱ्या हवेला मात्र कंपनी वाचता येत नाही.
आषाढात दोघांच्याही भिंगांत बुरशी धरायची,
नेच्याच्या पानासारखी, नाजूक, बघत बसावी अशी.
दोघंही यायचे. एक सकाळी, एक दिवेलागणीला.

एका शिमग्यात, ऐन रोंबाटात,
झिलूचा पडदा कोसळला.
उघडला, आणि हसूच आलं मला.
पितळेच्या पट्ट्या खऱ्या,
पण टांगलेल्या दोन रेशमी फितींवर,
शेवग्याच्या पानाएवढ्या रुंद.
तीस वर्षं ज्याला हिणवलं
ते फडकं याच्याच पोटात.
झिलूला मी एवढंच म्हटलं, "पार्ट येऊचो आसा."

शिंप्याकडे गेलो. साड्यांचे काठ उसवून पाहिले.
जाडी जमेना.
आठव्या दिवशी बस्त्याव आला, दार लोटून घेतलं,
खिशातून काढली
धाकट्या पोरीच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकची फीत.
"त्येका सांगू नको."
मी बघतच राहिलो.
"समोर कुलूप दिसला की माझो फोकस हलता," म्हणाला,
आणि फितीचे पाच रुपये घेऊन गेला.

त्यानंतर जपान आला, रंग आले, फोन आले.
लोबोंच्या जागी आता होम-स्टे,
खोबरेकरांच्या जागी झेरॉक्स.
बस्त्याव इगर्जीमागे, माडाखाली.
झिलू लेकाकडे कुडाळला.
कॅमेरे माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात,
भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत.
पुण्याचा एक पोरगा लायकाला लाख देत होता.
"दुसरा राहू दे, त्याचे पार्ट मिळत नाहीत."
म्हटलं, जोडीने नेणार असशील तर बोल.
गेला.

दर अमावास्येला दोन्ही चालवतो, आखडू नयेत म्हणून.
एक वाजतो. एक वाजला की नाही
ते हल्ली बोटानेच कळतं.

गेल्या महिन्यात झिलूचा फोन.
"माझो चलता मा?"
चलता.
"आणि त्येचो?"
तोय चलता.
थोडा वेळ नुसतं खरखरलं.
"त्येचो आधी बंद पडतलो, बघ.
पितळ ता पितळच."